सल्ला: साइटवरच्या सिव्हिल इंजिनिअरनं शाश्वत बांधकामात मास्टर्स कुठलं करावं?

पत्र: मी बी.ई. सिव्हिल, वय २६. घर कोल्हापूरला, तीन वर्षं पुण्यात एका बिल्डरकडे साइट इंजिनिअर आहे. सध्याच्या प्रकल्पाला हरित मानांकन घ्यायचं ठरलं आणि सल्लागाराला कागदपत्रं पुरवायचं काम माझ्याकडे आलं. त्यातून गोडी लागली. आता शाश्वत इमारती आणि बांधकाम या विषयात मास्टर्स करायचं आहे. समोर तीन वाटा आहेत: गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एम.टेक., अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातला कोर्स, किंवा ३५ लाखांचं कर्ज काढून ब्रिटनमधलं एका वर्षाचं एमएससी. तिसऱ्यासाठी एजंट घाई करतोय. बाबा म्हणतात, ‘एवढंच असेल तर हरित मानांकन देणाऱ्या आयजीबीसीची परीक्षा दे आणि मोकळी हो.’ काय करू? तयारी कशी करू? आणि लॅपटॉप कुठला घेऊ?

उत्तर:

एकाच विषयाचे तीन कोर्स आहेत असं धरून तुम्ही तुलना करताय, आणि अडचण तिथेच आहे. माहितीपत्रकांवर ‘सस्टेनेबल’ हा एकच शब्द असला तरी आत तीन वेगळी कामं शिकवली जातात. पहिलं काम वापरातल्या इमारतीचं: भिंतीतून किती उष्णता येते, खोलीत किती अंश राहतात, वर्षाला चौरस मीटरमागे किती युनिट वीज जाते. दुसरं सामग्रीचं: सिमेंट, पोलाद, ब्लॉक, माती आणि त्यांच्यापायी हवेत गेलेला कार्बन. तिसरं प्रक्रियेचं: मानांकन, कोड, कंत्राटातल्या अटी, साइटवरचा राडारोडा. तुम्ही आतापर्यंत पाहिलंय ते फक्त तिसरं, तेही कागदांच्या बाजूनं.

त्या तिसऱ्यापुरतं बोलायचं तर बाबांचं म्हणणं बरोबर आहे. मानांकनाच्या कामाला मास्टर्स लागत नाही. आयजीबीसी एपी, ‘गृहा’ मानांकनाची परीक्षा किंवा ‘लीड’ मानांकनाची ग्रीन असोसिएट यांपैकी एक परीक्षा नोकरी सांभाळून दोन-तीन महिन्यांत होते. महाराष्ट्रात हे काम मिळतंही, कारण यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीत मानांकनाच्या पातळीप्रमाणे मूळ एफएसआयवर (प्लॉटवर किती बांधता येतं त्या प्रमाणावर) ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो आणि बिल्डरला त्याची किंमत लगेच कळते. पण या कामात वर्षानुवर्षं मालाची चलानं, टेस्ट सर्टिफिकेटं आणि फोटो गोळा करणं हेच मुख्य राहतं. त्यापेक्षा खोल जायचं असेल तरच दोन वर्षं आणि पैसे खर्चावेत.

खोल म्हणजे काय, ते दोन हिशेबांवरून बघा. दोन्ही करून पाहा. जो करताना वेळेचं भान सुटेल, तो तुमचा कोर्स.

पहिला हिशेब उष्णतेचा. वरच्या मजल्याची गच्ची घ्या: १५० मिमी आरसीसी स्लॅब, वर १०० मिमी ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), खाली १२ मिमी प्लास्टर. प्रत्येक थराची जाडी मीटरमध्ये घेऊन त्याच्या उष्णतावाहकतेनं भागायची, म्हणजे त्या थराचा रोध मिळतो. काँक्रीटला १.५८ धरली तर ०.०९५, कोब्याला ०.८ धरली तर ०.१२५, प्लास्टरला ०.७२ धरली तर ०.०१७. आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या थरांचे मिळून ०.२१. एकूण ०.४४७. त्याचा व्यस्तांक काढला की यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज जाते याचं माप, साधारण २.२ येते; आकडा जितका कमी तितकं चांगलं. घरांसाठीच्या इको-निवास संहिता २०१८ या ऊर्जा-नियमावलीत छतासाठी मर्यादा आहे १.२. आता ०.०३४ वाहकतेचं एक्सपीएस (उष्णतारोधक फोमचा बोर्ड) घाला. गणितानं १३ मिमी पुरतं. २५ मिमीचा बोर्ड टाकला तर ०.८५ वर येता. याच पद्धतीनं दोन्ही बाजूंना १५ मिमी प्लास्टर असलेली २३० मिमी विटेची भिंत २.० च्या आसपास येते आणि २०० मिमी एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक) ०.७६.

कागदावर सोपं वाटतं, साइटवर घोळ वेगळेच होतात. एक्सपीएस वॉटरप्रूफिंगच्या वर की खाली, बोर्डांचे सांधे उघडे राहिले का, कॉलमचे स्टार्टर आणि पाइप जिथून वर येतात तिथे काय केलं, पॅरापेटच्या कडेला थर तुटला का. उष्णता नेमकी या फटींतून शिरते. हे कुठल्याही सॉफ्टवेअरला आपणहून दिसत नाही. स्लॅबवर उभ्या राहिलेल्या माणसाला दिसतं. तुमची तीन वर्षं इथे कामी येतील.

दुसरा हिशेब कार्बनचा. १०० चौरस मीटरचा तोच १५० मिमी स्लॅब म्हणजे १५ घनमीटर काँक्रीट. घनमीटरला ३२० किलो ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट) धरलं तर ४,८०० किलो सिमेंट, किलोमागे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरून ४,३२० किलो. यातला निम्म्याहून जास्त भाग इंधनातून येत नाही. भट्टीत चुनखडी भाजताना ती स्वतःच वायू सोडते, टनभर क्लिंकरमागे (भट्टीतून निघणारे सिमेंटचे खडे) अर्ध्या टनाहून थोडा जास्त. म्हणून भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हा आकडा शून्य होत नाही. घनमीटरला ८० किलो सळई धरली तर १,२०० किलो; भारतीय पोलादाला टनामागे साधारण २.५ टन धरून ३,००० किलो. एका स्लॅबचे झाले ७.३ टन.

आता अर्धं सिमेंट काढून जीजीबीएस, म्हणजे पोलाद कारखान्यातल्या स्लॅगची भुकटी, घाला. स्लॅगला किलोमागे ०.०८ धरलं तर घनमीटरचा आकडा २८८ वरून १५७ वर येतो आणि स्लॅबमागे जवळपास दोन टन वाचतात. मग हे सगळे का करत नाहीत? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे: स्लॅब सायकल, म्हणजे एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचे दिवस. स्लॅगचं काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, थंडीत तर फारच. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबच्या टेकूंना ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस दिले आहेत, पण ती मुदत ओपीसीसाठी आहे. क्युरिंगही ओपीसीला किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंटला किमान १० आणि कोरड्या गरम हवेत १४ दिवस सांगितलंय. कंत्राटदार सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा आणि टेकू) सातव्या दिवशी काढतो, पाणी पाचव्या दिवशी बंद करतो आणि वर तडे दिसले की ‘स्लॅगमुळे झालं’ म्हणून मोकळा होतो. मिक्स डिझाइन, क्यूबचे (चाचणीच्या काँक्रीट ठोकळ्यांचे) निकाल आणि सेंट्रिंगचे संच यांचा मेळ घालून ही अडचण सोडवणारा माणूस बाजारात दुर्मीळ आहे. आमच्या मते तुमची पार्श्वभूमी बघता हीच वाट तुम्हाला सर्वात जवळची आहे.

आता कोर्स.

सामग्रीच्या वाटेनं जायचं ठरलं तर गेट द्या, सिव्हिलचा पेपर. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उघडतात, परीक्षा फेब्रुवारीत, गुण तीन वर्षं चालतात. आयआयटी मद्रासमधला बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट हा विभाग आणि आयआयटी दिल्लीचा सिव्हिल विभाग ही दोन नावं आधी बघा. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घालून क्लिंकर निम्म्यावर आणणारं एलसी-३ सिमेंट स्वित्झर्लंडच्या ईपीएफएलबरोबर विकसित करण्यात या दोन्ही ठिकाणच्या मंडळींचा वाटा आहे. त्यात साधारण ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असतं. त्याचं भारतीय मानक आयएस १८१८९ हे २०२३ मध्ये आलं. मातीच्या बांधकामात संशोधन करायचं असेल तर बंगळुरूच्या आयआयएससीतलं सेंटर फॉर सस्टेनेबल टेक्नॉलॉजीज. १९७४ मध्ये ‘अस्त्र’ या नावानं सुरू झालेल्या कामाची ती पुढची पायरी आहे. गेटवर प्रवेश घेतलेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. बाहेर खोली घेऊन राहायला ते पुरणार नाही, पण वसतिगृहात निभतं.

इथे एक खबरदारी. गेटवरच्या एम.टेक.मध्ये ‘शाश्वत’ हा शब्द पदवीवर बहुधा नसतोच. बांधकाम व्यवस्थापन किंवा स्ट्रक्चर असं लिहिलेलं असतं आणि तुमचा विषय ठरतो तो मार्गदर्शक आणि प्रबंधावरून. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी शाखेइतकंच प्राध्यापकांचं अलीकडचं काम वाचायला हवं.

उष्णतेच्या वाटेसाठी सेप्टचं बिल्डिंग एनर्जी परफॉर्मन्स हे देशातलं जमलेलं ठिकाण आहे. इंजिनिअर आणि आर्किटेक्ट दोघेही तिथे असतात. विद्यापीठाच्या कार्बसे या केंद्राकडे भिंतीचे नमुने तपासायची यंत्रणा आहे, आवारात स्वतःची नेट-झीरो (वर्षभरात वापरते तेवढी ऊर्जा स्वतः तयार करणारी) इमारत आहे. भारतीय माणसाला किती तापमान चालतं याचं आयमॅक हे सूत्रही तिथल्याच कामातून आलं आणि राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्ये गेलं. नैसर्गिक हवा असलेल्या इमारतीसाठी ते असं: मागच्या ३० दिवसांच्या बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.५४ नं गुणा आणि १२.८३ मिळवा. बाहेर सरासरी ३० अंश असतील तर आत २९ अंश बऱ्यापैकी सुखद मानले जातात, वरखाली साधारण २.४ अंश. सगळीकडे २४ अंशांचा एसी लावणाऱ्या सल्लागारांशी वाद घालायला एवढं सूत्र पुरतं.

तुमच्या कुणा आर्किटेक्ट मैत्रिणीनं विचारलं तर तिला वाटा जास्त आहेत: विजयवाड्याच्या एसपीए या वास्तुकला संस्थेतलं सस्टेनेबल आर्किटेक्चर, पुण्यात बीएनसीए या महाविद्यालयाचं एन्व्हायर्न्मेंटल आर्किटेक्चर. पण ते एम.आर्च. आहे आणि त्याला बी.आर्च. लागतं. ‘सिव्हिलवाल्यांनाही घेतात’ असं कुणी सांगितलं तर त्या वाक्यावर अर्जाचे पैसे भरू नका.

ब्रिटन. कोर्स चांगले आहेत यात शंका नाही. लंडनच्या यूसीएलमधलं एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन अँड इंजिनिअरिंग किंवा एए (आर्किटेक्चरल असोसिएशन) स्कूलचं बारा महिन्यांचं एमएससी ही जुनी, नाव कमावलेली ठिकाणं आहेत. प्रश्न दोन आहेत. एक, तिथल्या वर्गात घर गरम ठेवण्याचा विचार मध्यभागी असतो: हवाबंदपणा, जाड इन्सुलेशन, बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता परत मिळवणं. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत काम उलटं आहे. सावली, वारा आणि हवेतला ओलावा. भौतिकशास्त्र तेच, पण सवयी वेगळ्या लागतात, म्हणून जायचंच तर प्रबंध उष्ण-दमट हवामानावर करू देणारा मार्गदर्शक आधी शोधा. दुसरा प्रश्न पैशांचा. ३५ लाख, ११ टक्के, १० वर्षं: महिना सुमारे ४८ हजारांचा हप्ता, आणि शिकत असतानाचं व्याज यात धरलेलं नाही. भारतात परतून सुरुवातीच्या पगारात हा हप्ता बसत नाही. तिथे नोकरी मिळेल या भरवशावर गणित मांडायचं तर लक्षात घ्या, शिक्षणानंतर काम करण्याच्या ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळणार आहे. घर तारण ठेवून हे करू नका, असं आम्ही स्पष्टच सांगतो. बाहेरच जायचं असेल तर जर्मनीही पाहा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो आहे, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं मात्र वेगळं आणि बरंच जास्त शुल्क सुरू केलंय. भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) लागतं. त्याला वेळ लागतो, तेव्हा ते पहिलं काढा.

एजंटला तोंडी नकार देऊ नका, त्याला कोर्सबद्दल चार गोष्टी लेखी मागा: मागच्या दोन तुकड्यांच्या प्रबंधांची शीर्षकं, प्रयोगशाळेतल्या उपकरणांची यादी, पूर्णवेळ शिकवणाऱ्यांची नावं, आणि आधीच्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी दोघांशी बोलायची सोय. हेच चार प्रश्न देशातल्या कोर्सलाही विचारा. शीर्षकांत ‘हरित इमारतींचा अभ्यास’ छापाची नावं भरली असतील आणि उपकरणांच्या जागी फक्त सॉफ्टवेअरची यादी आली, तर तिथे मोजणं शिकवत नाहीत.

तयारीसाठी नोकरी सोडू नका. साइटच तुमची प्रयोगशाळा आहे, फुकटची. तुमच्या प्रकल्पाच्या बीओक्यूवरून (कामाच्या मोजमापांची यादी) आणि बार बेंडिंग शेड्यूलवरून (सळयांचा तक्ता) एका मजल्याचा कार्बन वरच्या पद्धतीनं काढा. मग स्लॅबची जाडी, सिमेंटचा प्रकार आणि ब्लॉक एकेक करून बदला आणि कुठल्या बदलानं किती फरक पडला ते मांडा. १५० चा स्लॅब १२५ वर आला तर १०० चौरस मीटरमागे अडीच घनमीटर काँक्रीट वाचतं; ते शक्य आहे का हे मात्र स्ट्रक्चरल सल्लागारालाच विचारा, कारण झोळ आणि आगीपासूनचं संरक्षण दोन्ही त्यात अडकलेलं असतं.

उन्हाळ्यात दोन तापमान-आर्द्रता लॉगर (आपोआप नोंद ठेवणारी छोटी यंत्रं) घ्या. एक सर्वात वरच्या फ्लॅटमध्ये, एक त्याच्या दोन मजले खाली, त्याच दिशेच्या खोलीत. जमिनीपासून १.१ मीटर उंचीवर, भिंतीपासून दूर, ऊन पडणार नाही तिथे. दर १५ मिनिटांनी नोंद, किमान दोन आठवडे. चुका ठरलेल्या असतात: लॉगर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवणं, दोन्हींची घड्याळं न जुळवणं, आणि खिडक्या कधी उघड्या होत्या हे न लिहिणं. तिसरी चूक झाली तर सगळी नोंद वाया जाते, कारण नंतर आकडा का वाढला ते कुणालाच सांगता येत नाही.

मग त्याच खोलीचं मॉडेल एनर्जीप्लस या इमारतीतली उष्णता आणि ऊर्जा मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करा. सॉफ्टवेअर मोफत आहे, हवामानाच्या फायलीही मिळतात. पहिल्यांदा उत्तर जुळणार नाही. बहुतेकदा कारणं अशी: हवामानाची फाइल ‘ठरावीक वर्षा’ची असते, तुमच्या एप्रिलची नाही, माणसं आणि दिवे अमेरिकी ऑफिसच्या वेळापत्रकानं चालू-बंद होतात, मॉडेलमधल्या खिडक्या बंदच राहतात. आणि तळमजल्याचं मॉडेल केलंत तर एक खास सापळा आहे. जमिनीचं तापमान दिलं नाही तर एनर्जीप्लस ते १८ अंश धरतं. आपल्याकडे मे महिन्यात जमीन इतकी थंड कुठून असणार? तळमजला कागदावर आपोआप गार होतो आणि विद्यार्थी त्याचं श्रेय आपल्या डिझाइनला देतात. मोजलेल्या आणि मॉडेलमधल्या तापमानातला सरासरी फरक एका अंशाच्या आत आणेपर्यंत खटपट करा. मुलाखतीत हा एक आलेख दाखवलात की बाकी हेतुपत्र कुणी फार वाचत नाही.

सिव्हिलला उष्णतावहन आणि हवेतल्या ओलाव्याचा तक्ता, म्हणजे सायक्रोमेट्रिक चार्ट, शिकवत नाहीत. हे दोन विषय एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर मेकॅनिकलच्या कोर्समधून भरून काढा. गणिताची भीती नको. बेरीज-वजाबाकीपलीकडे लागतं ते एक्सेल आणि पुढे थोडं पायथन.

प्रबंधाच्या वेळापत्रकाबद्दल आताच सांगून ठेवतो, कारण हे बहुतेकांना दुसऱ्या वर्षी कळतं. आपल्याकडे प्रबंध मे-जूनमध्ये द्यायचा असतो आणि खरा उन्हाळा एप्रिल-मेमध्ये येतो. म्हणजे गच्चीवर चुन्याचा थर, चायना मोझॅइक आणि एक्सपीएस यांची तुलना करायची असेल तर मोजणी पहिल्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीतच उरकावी लागते. दुसऱ्या उन्हाळ्याची वाट पाहिली की हाती फक्त सिम्युलेशन उरतं. त्यातही चुन्याचा थर पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. धूळ आणि शेवाळ बसल्यावर पांढरेपणा किती उरला, हा आकडा पहिल्या दिवसाच्या आकड्यापेक्षा जास्त कामाचा. सामग्रीच्या प्रबंधात अडचण क्यूबची असते. स्लॅगच्या काँक्रीटला ९० दिवसांचा निकाल हवाच, त्यामुळे कास्टिंग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपवा. डिसेंबरअखेर क्यूब भरलेत तर निकाल मार्चच्या शेवटी, आणि एखादी बॅच बिघडली तर पुन्हा भरायला वेळच नाही.

विषय निवडताना आपली माती बघा. सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या ब्लॉकना वाळूचं प्रमाण चांगलं असलेली माती लागते. साधारण निम्मी वाळू आणि वीस टक्क्यांच्या आसपास चिकणमाती असेल तर ५ टक्के सिमेंटमध्ये भागतं. सोलापूरकडची काळी माती फुगते आणि आकसते, तिच्यात सिमेंट वाढवत नेलं तर ब्लॉक एएसीपेक्षा महाग होतो आणि तरी तडकतो. राडारोड्याचा विषय घेतलात तर खडी-वाळूच्या आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीतली मर्यादा पाठ हवी: काँक्रीट फोडून केलेली खडी आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत, तीही एम-२५ या ताकदीपर्यंतच्याच काँक्रीटमध्ये. ही खडी पाणी पिते. आधी भिजवली नाही तर आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी साइटवर पोचेपर्यंत स्लंप (काँक्रीटचा पातळपणा) गेलेला असतो.

नोकऱ्यांचं थोडक्यात. ऊर्जा-सल्लागार कंपन्या, बिल्डरांचे शाश्वतता विभाग, सिमेंट आणि ब्लॉक उत्पादक, आणि उत्पादनांचा जीवनचक्र-हिशेब करणाऱ्या संस्था. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ऊर्जा संवर्धन कायद्याची कक्षा मोठ्या निवासी इमारतींपर्यंत पोचली आहे, त्यामुळे घरबांधणीतही हे काम वाढेल. पगार सुरुवातीला बिल्डरकडच्या सीनियर साइट इंजिनिअरपेक्षा कमीही असू शकतो. हे बाबांना आधीच सांगा.

आमचा क्रम असा: यंदा गेट सिव्हिल आणि सेप्ट दोन्हींचे अर्ज, मधल्या काळात वरचे दोन हिशेब आणि लॉगरची मोजणी. ब्रिटनचा विचार शिष्यवृत्ती हातात आली तरच.

लॅपटॉप: विंडोजचा घ्या. इमारतीचं मॉडेल करायचं रेव्हिट हे सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाही. १६ जीबी रॅम, एसएसडी आणि शक्य असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड. एनर्जीप्लसला कार्ड लागत नाही, पण रायनो या त्रिमितीय आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठं मॉडेल फिरवताना फरक जाणवतो. महागडी सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, प्रवेशानंतर विद्यार्थी परवाने मिळतात. आणि लॅपटॉपही प्रवेश पक्का झाल्यावरच घ्या.